मृगाच्या पावसात काचेवर आलेली अंडी

"काचेक कायतरी चिकाटलाहा, बघ गो."

१० जून २०२४, सोमवार. सकाळचे सव्वासहा वाजले होते, मी लेकीचा डबा भरत होते. सासूबाईंचा दिवस फिशटँकसमोरच्या खुर्चीत चहा घेऊन सुरू होतो, त्यामुळे टँकमधलं काहीही बदललं की पहिल्यांदा त्यांनाच दिसतं. गॅस बारीक करून मी गेले. उजव्या बाजूच्या काचेवर, फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे, मोहरीएवढे फिकट पिवळसर ठिपके चिकटलेले होते. कुठे दोन, कुठे चार. मला ते हवेचे बुडबुडे वाटले. पाण्यात हात घालून एकाला बोट लावलं, तर तो जागचा हलला नाही. तेवढ्यात तळाकडून एक जाडसर मासा काचेवर सरळ वर चढला, पोट काचेला टेकवून क्षणभर थांबला आणि बाजूला झाला. तिथे तीन नवे ठिपके होते.

अंडी होती ती. आमच्या घरात दोन वर्षं राहणाऱ्या कोरी माशांची अंडी.

आमचा टँक तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरला तर शंभर लिटरच्या थोडं वर पाणी बसतं. त्यात दोन एंजल, सहा विडो टेट्रा, चार मोली आणि पाच कोरी. मोलीची पिल्लं आम्ही पुष्कळदा पाहिली होती. मोली आणि डासांसाठी महापालिका वाटते ते गप्पी मासे थेट पिल्लंच देतात, त्यामुळे आमच्या घरात माशाचं बाळंतपण म्हणजे एक दिवस अचानक पोहणारी पिल्लं दिसणं, एवढीच समजूत होती. अंड्यांचा विचार कोणी केला नव्हता.

कोरी घेतले तेव्हा दुकानात "तळ साफ करणारा मासा" म्हणून मिळाले होते. हे वर्णन मला पुढे फार खटकायला लागलं. वरून पडलेल्या उरल्यासुरल्या अन्नावर हा मासा जगत नाही, त्याला त्याची बुडणारी गोळी वेगळी द्यावीच लागते. आमचे कोरी कांस्य रंगाचे आहेत. १८५८ साली थिओडोर गिल यांनी त्रिनिदादच्या माशांवरून या जातीचं वर्णन केलं आणि तेव्हापासून तिच्या शास्त्रीय नावातला 'इनिअस' हा शब्द तिच्या काशासारख्या झळाळीसाठी आहे. २०२४ मध्येच या सगळ्या गटाची फेरमांडणी होऊन कांस्य कोरी 'कोरीडोरस'मधून 'ऑस्टिओगॅस्टर'मध्ये गेला. दुकानात मात्र तो कोरीच आहे आणि आमच्याकडेही.

त्या सकाळी मी डबा अर्धवट टाकून वीस मिनिटं नुसती बघत उभी राहिले. दोन बारके नर मादीच्या मागे लागले होते. त्यातला एक तिच्या तोंडासमोर आडवा झाला की ती त्याच्या कुशीला तोंड चिकटवायची. वरून पाहिलं तर दोघांचा इंग्रजी टी तयार व्हायचा. दोघंही थरथरत काही क्षण तसेच राहायचे, मग ती सुटायची. तेव्हा तिच्या पोटाखालचे दोन पर ओंजळीसारखे जुळलेले असायचे आणि त्या ओंजळीत अंडी. ती घेऊन जागा शोधत फिरायची, काच तोंडाने चाचपायची आणि मग अंडी चिकटवायची. १९९५ साली जपानी संशोधकांनी याच जातीवर दाखवलं, की मादी नराचं वीर्य तोंडाने घेते, ते तिच्या आतड्यातून झपाट्याने पुढे जातं आणि परांच्या त्या ओंजळीत अंड्यांना मिळतं. वाहत्या पाण्यात ते वाया जाऊ नये म्हणून ही सोय. हे वाचलं त्या दिवशी मी त्या ओंजळीकडे पुन्हा पुन्हा पाहत होते.

अंडी त्याच दिवशी का आली, ते सासूबाईंनी मला सांगितलं. त्यांचं माहेर कुडाळजवळचं. पहिला पाऊस झाला की ओढ्याला पाणी येतं आणि त्या पाण्याच्या उलट दिशेने अंड्यांनी भरलेले मासे वर चढतात. चढणीचे मासे. "मिरगाच्या पावसात मासो गाबोळीन भरलेलो आसता. तेव्हा तेका हात लावूचो नाय," असं त्यांचे वडील म्हणायचे. समुद्रातली यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंद असते ती याचसाठी, हेही त्या आवर्जून म्हणाल्या. सासूबाई माशांशिवाय जेवायला बसत नाहीत आणि तळलेली गाबोळी त्यांचा जीव की प्राण, पण या दोन महिन्यांत घरात ताजा मासा येऊ देत नाहीत.

आता आदल्या दिवशी काय झालं होतं ते जोडून पाहिलं. मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला तो ९ जूनचा रविवार. डोंबिवलीतही गार वारा सुटला होता. त्या दिवशी मी टँकचं निम्मं पाणी बदललं. मे महिनाभर आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापायचं, की टँकमधला काटा ३० अंशांच्या खाली येत नव्हता. क्लोरीन उडावं म्हणून रात्रभर गॅलरीत ठेवलेल्या बादल्यांचं पाणी मात्र त्या रविवारी २६ अंशांवर आलेलं. निम्मं ते, निम्मं हे, टँक २८ वर आला. दक्षिण अमेरिकेतले हे मासे पावसाळ्याच्या तोंडाला अंडी घालतात. पाणी एकदम गार आणि ताजं होणं हीच त्यांची खूण. कोरी पैदास करणारे मुद्दाम गार पाणी ओततात, माझ्याकडून ते नकळत झालं होतं.

पण तेवढ्यात एंजल जागे झाले. मोठा एंजल काचेजवळ आला आणि एका घासात चार अंडी गेली. त्याच्यामागे विडो. कोरी स्वतःसुद्धा आपली अंडी खातात, हे मला त्याच सकाळी दिसलं. सासूबाई खुर्चीतून उठून काचेवर हात आपटायला लागल्या. मी बँकेत फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली.

अंडी काढण्याआधी थोडं थांबावं लागतं. ताजं अंडं मऊ असतं, दाबलं की फुटतं. तासाभरात त्याचं कवच घट्ट होतं आणि मग ते बोटाने काचेवरून हळूच लोळवत सोडवता येतं. तो एक तास फार कठीण गेला. एंजल आणि विडोंना मी जाळीने पकडून बादलीत ठेवलं, बादलीत एअर स्टोन, म्हणजे पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा दगड, सोडला. बाकीच्या कोरींना हात लावला नाही, कारण मादीचं काम अजून चालू होतं. साडेनऊच्या सुमारास ती थांबली. मी हात साबण न लावता नुसत्या पाण्याने चोळून धुतले, कारण साबणाचा अंशही अंड्यांना चालत नाही. कोपरापर्यंत हात घालून एकेक अंडं सोडवायला लागले. काचेवरची बोटाने सुटली. फिल्टरच्या नळीवरची आणि थर्मामीटरवरची जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सोडवली. लेकीने शाळेत जायला नकार दिला आणि मी आग्रह केला नाही. ती एकेक अंडं मोजून लिहीत होती. शहाऐंशी मिळाली. खाल्ली किती गेली त्याचा हिशेब नाही.

माझ्याकडे झाकणाचे दोन पारदर्शक प्लास्टिकचे डबे होते, पाच-पाच लिटरचे. दोन्हींत टँकचंच पाणी भरलं. नळाचं कितीही मुरवलेलं असलं तरी ते अंड्यांना परकं. दोन्हींत एअर स्टोन सोडून नळीचा कॉक इतका आवळला, की बुडबुडे एकामागून एक हळू निघतील. अंडी त्या प्रवाहाने डुलायला हवीत, उडायला नकोत. अंडं कवचातून श्वास घेतं. त्याच्या भोवतीचं पाणी थांबलं की तेवढ्या जागेतला प्राणवायू संपतो आणि अंडं आत गुदमरतं. काचेवर मादीने फिल्टरच्या धारेखालची जागा शोधली होती ती उगाच नव्हे.

राहिली बुरशी. ज्या अंड्याला वीर्य मिळालेलं नाही ते एका दिवसात पांढरं होतं, त्याच्यावर कापसासारखी बुरशी येते आणि तिचे धागे शेजारच्या जिवंत अंड्यांपर्यंत पोहोचतात. यावर दुकानात मिथिलीन ब्लू हे निळं औषध मिळतं. माझा कल दुसऱ्या उपायाकडे होता. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी देशी बदामाचं झाड आहे. त्याची वाळून गळलेली तांबूस पानं पाण्यात टाकली की पाणी चहासारखं होतं, थोडं आम्लधर्मी होतं आणि त्या अर्काने बुरशीला जरा आळा बसतो. एकावरच भरवसा ठेवायची हिंमत होईना, म्हणून अंडी वाटली. चव्वेचाळीस निळ्या डब्यात, बेचाळीस बदामाच्या. निळ्यात पाणी फिकं आकाशी होईल इतकेच थेंब टाकले. बदामाचं एक पान उकळून, गार करून, फाडून दुसऱ्यात टाकलं. झाड रस्त्यावरचं असल्याने पान उकळणं मला गरजेचं वाटलं. मिथिलीन ब्लू मोठ्या टँकमध्ये कधी घालू नये, हेही सांगते. ते फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारतं आणि काचेच्या जोडांना निळा डाग पाडतं.

मंगळवारी सकाळी निळ्या डब्यात पाच अंडी पांढरी, बदामाच्या डब्यात आठ. ड्रॉपरने एकेक शोषून काढली. संध्याकाळी पुन्हा काही. बुधवारपर्यंत निळ्यातून नऊ आणि बदामातून पंधरा गेली. एवढ्याशा संख्येवरून कोणता उपाय सरस हे मी ठरवणार नाही, पण पुढच्या वेळी निळी बाटली आधी उघडेन. उरलेली अंडी पिवळ्याची तांबूस झाली होती आणि भिंगातून पाहिलं की आत एक बारीकशी रेघ वळून बसलेली दिसत होती. बुधवारी संध्याकाळी त्या रेघेच्या एका टोकाला दोन काळे ठिपके आले. डोळे. लेकीने वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ते बघतात.'

त्याच रात्री सव्वाएकला वीज गेली. पाऊस धो धो पडत होता. पंखा थांबला म्हणून नव्हे, एअर पंपची घरघर थांबली म्हणून मी जागी झाले. बाहेर आले तर सासूबाई माझ्या आधीच डब्यापाशी बसलेल्या. मोबाईलची बॅटरी उजेडाला लावली होती आणि हातात ड्रॉपर. "ह्येंका वारो व्हयो," एवढंच म्हणाल्या. ड्रॉपरमध्ये पाणी घ्यायचं, वरून थोड्या उंचीवरून अंड्यांच्या बाजूला सोडायचं, पुन्हा घ्यायचं. पाणी हलतं, वरची हवा त्यात मिसळते. मोठ्या टँकची मला तेवढी काळजी नव्हती. पाणी भरपूर होतं, आणि कोरी तर गरज पडली की पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात आणि ती हवा आतड्यात जिरवतात. अंड्यांना ती सोय नाही. आम्ही पाळी लावली, अर्धा तास त्या, अर्धा तास मी. मधल्या वेळात त्या मला ओढ्याबद्दल सांगत होत्या. चढणीचे मासे पकडायला सगळं गाव बाहेर पडायचं, तेव्हा त्यांची आई पोरांना घरात बसवायची. हे मी पंधरा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी वीज आली आणि पंप पुन्हा घरघरायला लागला. त्या दुपारी मी सेलवर चालणारा छोटा पंप विकत आणला. तो पहिल्या दिवशीच आणायला हवा होता.

शुक्रवारी सकाळी निळ्या डब्यात तळाशी रिकामी कवचं पडलेली दिसली आणि त्यांच्या मधे स्वल्पविरामाएवढी काहीतरी हलणारी. अर्धा सेंटिमीटर लांब, पारदर्शक, पोटाशी बलकाची पिवळी पिशवी. दुपारपर्यंत एकतीस. बदामाच्या डब्यातून रात्रीपर्यंत तेवीस. चौपन्न पिल्लं. दोन्ही डब्यांत चार-चार अंडी शेवटपर्यंत उघडली नाहीत. मी निळं पाणी थोडं थोडं काढून टँकचं पाणी भरत गेले, रंग जाईपर्यंत, मग सगळी एकाच डब्यात घेतली.

इथवर मला वाटत होतं की अवघड भाग संपला. खाणाऱ्या तोंडांपासून वाचवलं, बुरशीपासून वाचवलं, विजेपासून वाचवलं. पण पिल्लांचा खरा कसोटीचा काळ पिशवी जिरल्यावर सुरू होतो, साधारण दोन दिवसांनी. तीन पिल्लं त्या दोन दिवसांतच गेली. रविवारी बाकीची तळाशी तोंड घासत फिरायला लागली, म्हणजे भूक लागली होती. पिल्लांचं खाणं मी आधी तयार ठेवलं नव्हतं. एका जाणकाराने उकडलेल्या अंड्याचा बलक सुचवला. मी हरभऱ्याएवढा बलक फडक्यातून पाण्यात कालवून दिला. सोमवारी पुन्हा दिला. पाणी जरा धुरकट वाटलं, पण पिल्लांची पोटं भरलेली दिसत होती म्हणून मी समाधानी होते. मंगळवारी सकाळी तळाशी बावीस पिल्लं आडवी पडली होती.

मला त्या सकाळी ऑफिसला जाववलं नाही. बलकाचा उरलेला कण तळाशी बसतो, रात्रभरात सडतो, आणि कोरीचं पिल्लू त्याच तळावर पोट टेकून असतं. मोठा मासा वरच्या पाण्यात सरकेल, हे सरकू शकत नाही. चूक माझीच होती, प्रमाणाची. शंभर तोंडांना पुरेल एवढं मी पन्नासला दिलं आणि उरलेलं काढलं नाही. लेक शाळेतून आली तेव्हा मी तिला आकडा सांगितला. ती वही घेऊन बसली, पण तिने काही लिहिलं नाही. सासूबाई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "थोडी तरी जगतली."

उरलेल्या एकोणतीस पिल्लांसाठी त्या दिवसापासून सगळं बदललं. दिवसातून दोनदा, सकाळी सहाला आणि रात्री नऊला, सलाईनच्या नळीने तळ शोषून घ्यायचा. ती नळी या कामाला फार चांगली, कारण तिच्या चाकाने धार हवी तितकी बारीक होते आणि पिल्लू ओढलं जात नाही. तळाला हात लावून पाहायचा. बुळबुळीत लागला तर मलमलच्या तुकड्याने पुसायचा. काढलं तेवढं टँकचं पाणी त्याच नळीने थेंब थेंब आत सोडायचं. मोठ्या टँकमधली एक लाल रॅम्सहॉर्न गोगलगाय डब्यात सोडली, ती उरलेला कण अन् कण खाते आणि पिल्लांना काही करत नाही.

आणि खाणं आर्टेमियाचं. ही खाऱ्या पाण्यातली अगदी बारीक कोळंबीसारखी जात, तिची सुकी अंडी पाकिटात मिळतात. एक लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम जाडं मीठ, उलटी टांगलेली, बूड कापलेली सोड्याची बाटली, आत एअर स्टोन, आणि चिमूटभर अंडी. आमच्याकडच्या जूनच्या उष्म्यात चोवीस तासांत नारिंगी ठिपके नाचायला लागतात. पंप दहा मिनिटं बंद केला की टरफलं वर तरंगतात, जिवंत खाली बसतात. बाटलीच्या तळाला विजेरी लावली तर उजेडाकडे गोळा होतात. नळीने ते काढून दुहेरी फडक्यातून गाळायचे, गोड्या पाण्यात खळबळायचे आणि पिल्लांना द्यायचे. यात मोठा फायदा असा, की आर्टेमिया गोड्या पाण्यातही काही तास जिवंत राहतात, त्यामुळे पिल्लांनी खाईपर्यंत सडत नाहीत. पहिल्यांदा दिले तेव्हा पाच मिनिटांत एकोणतीस पारदर्शक पोटं नारिंगी झाली. सासूबाईंनी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

पुढच्या महिन्यात आणखी सहा गेली, एकेक करून, कारण कळलं नाही. तेवीस उरली. दुसऱ्या आठवड्यात मिशा दिसायला लागल्या, तिसऱ्यात पाठीचा पर उभा राहिला, पाचव्यात अंगावर कांस्य झाक आली. तोपर्यंत त्यांना दीड फुटी टँक दिला होता. त्यातला स्पंज फिल्टर मी आधी तीन आठवडे मोठ्या टँकमध्ये चालवून घेतला, म्हणजे जिवाणू तयार होऊन आले. तळाला बारीक वाळू. दोनदा होणारी सफाई एकदाची झाली, मग दिवसाआड.

सोमवार, १९ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा. पिल्लं जवळजवळ दोन सेंटिमीटरची झाली होती आणि कडक कवचाचा, काटेरी पराचा एवढा मासा एंजलच्या तोंडात जात नाही. सहा शेजारच्या घरी गेली, नऊ दुकानदाराने घेतली आणि बदल्यात आर्टेमियाची दोन पाकिटं दिली. आठ आम्ही ठेवली. सासूबाईंनी नारळ वाढवला, मग पिशवीतलं पाणी अर्धा तास टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवून लेकीने ती सोडली. सगळी थेट तळाशी जाऊन फिल्टरमागे दडली. मोठा एंजल खाली वाकून बघून गेला. कोरीची आई आपल्या कोपऱ्यात वाळू उकरत होती. थोड्या वेळाने ती सवयीने सरळ वर गेली, हवेचा घोट घेतला आणि खाली आली. तिच्या मागोमाग फिल्टरमागून एक पिल्लू निघालं, तसंच सरळ वर गेलं, तोंड बाहेर काढून परत आलं.

"बघितलंस?" लेकीने विचारलं. सासूबाईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली.